र असलेले महिने

ज्या महिन्याच्या नावात र, त्या महिन्यात तेल,
हा आईचा नियम. सप्टेंबरला सुरू व्हायचं,
एप्रिल सरेतो सुटका नाही.
कॉडच्या काळजाचं तेल.
शाळेत रांग, चमचा एकच,
माझ्या आधी एकोणतीस तोंडं.

आता मी एक्क्याऐंशीची.
तेच तेल बिनवासाच्या गोळीत येतं, सोनेरी, काचेसारखं.
उजेडाकडे धरून बघावी तर उजेडच नाही.
वार्डो, बारा डिसेंबर.
सूर्य गेलाय नोव्हेंबरात, परतेल जानेवारी निम्मा उलटल्यावर.
म्हणून गोळीत तोही थोडा घालतात म्हणे:
दहा मायक्रोग्रॅम ऊन.

टेबलावर सात कप्प्यांची डबी.
आयलर्टचं रक्त पातळ राखायचं, माझी हाडं घट्ट.
छपन्न वर्षांच्या संसाराअंती
दोघांना वाटून दिलेली ही उलटसुलट कामं.

हाच आयलर्ट बोटीवर काळजं पिंपात फेकायचा,
कोपरापर्यंत बरबटलेला.
आता त्याचेच पैसे मोजतो औषधांच्या दुकानात
आणि घरी येऊन बिल वाचून दाखवतो, मोठ्यानं,
जणू मीच तो मासा.

डॉक्टरांचा कागद फ्रीजवर.
कोबी रोज तेवढाच, कमीजास्त नको:
मी पानं तोलते, सराफासारखी.
मीठ बेताचं:
खारवलेल्या माशाचं पाणी मी चारदा बदलते.
आयलर्ट काट्यानं उलटवून बघतो,
म्हणतो, हा मासा नाही,
माशाचा मृत्यूचा दाखला आहे.

मग सिनोवेचं पार्सल आलं ओस्लोहून. लेकच ती, काळजी करणार.
हळद. गोळ्यांत भरलेली.
सांधे मोकळे होतात, असं चिठ्ठीत.
आयलर्टनं दुप्पट घेतल्या. फुकटच्या होत्या.

दहाव्या दिवशी दाढी करताना खरचटलं,
ते थांबेना.
दंडावर डाग, मध्ये जांभळा, कडेला पिवळा.
मी दिव्याखाली न्याहाळत बसले:
इथे भूशिर, इथे खाडी,
बोटीला आडोसा कुठेच नाही.

औषधांच्या दुकानात लेतेब्रहान असते, अस्माराची.
नावाचा अर्थ उजेडाची लेक;
इथल्या तिच्या पहिल्या हिवाळ्यात तिनंच सांगितला होता, हसत.
आज हसली नाही.
बाटली वाचली आणि काउंटरखाली ठेवून दिली.
"रक्ताच्या गोळीबरोबर ही नको.
आत्ताच्या आत्ता रक्त तपासून घ्या.
माझी आई घालते हळद, पण एवढी,"
तिनं दोन बोटं जुळवली,
"आठ माणसांच्या भांड्यात."

आकडा फार वर गेला होता. मग उतरला.
सिनोवेला फोनवर म्हटलं, पोचलं पार्सल,
छान आहे गं.
त्या रात्री सूपात मीठ घालताना
माझी दोन बोटं तशीच जुळली,
आणि थांबली थोडी भांड्यावर.

जानेवारीत किल्ल्यावरून तोफ वाजली.
सूर्य म्हणजे काय, समुद्राच्या कडेला तांबडी रेघ,
ढगानं लगेच पुसलेली.
तरी पोरांना सुट्टी,
आणि आयलर्ट म्हणजे त्यांच्यातलाच:
बेकरीतून बन घेऊन आला. आत जॅम, वर साखर.
कागदावर कुठेच नसलेला.

अर्धा कर, म्हटलं.
त्यानं केला. मोठा अर्धा त्याच्याकडे गेला,
मी तोलला नाही.

ढग सरकला मग. खिडकीतून थोडं आत आलं,
डबीवर, बशीवर,
त्याच्या दंडावर, जिथे आता नुसतं पिवळं उरलंय.

आज गुरुवार. कप्पा उघडून बघायला हवा
सकाळची घेतली की नाही.
बघते.
एवढं ऊन टेबलावरून जाऊ दे.