दुभाषी

डाव्या कानाच्या वर, किंचित पुढे,
सुपारीएवढी जागा.
फिल्म उजेडावर धरली की तिथे पांढरं दिसतं,
भिंतीला ओल आल्यासारखं.
डॉक्टर पेनाच्या टोपणाने दाखवतात,
टोपण लावून पुढच्या खाटेकडे जातात.

नायर हॉस्पिटल, तिसरा मजला, माझी खोली.
टेबलावर कार्डं: कप, किल्ली, कंगवा, कोंबडा.
मी कप धरते.
विश्राम गवाणकर, वय एकसष्ट,
सेशन्स कोर्टातले निवृत्त दुभाषी,
कप ओळखतात. ओठ जुळवतात, पुन्हा जुळवतात,
म्हणतात, "कि... कि... साक्षीदार."
आणि कपाळावर हात मारून घेतात.
चुकलं, हे मात्र कळतं त्यांना.

एक ते वीस घडाघडा.
वारही सातच्या सात.
पण आज कोणता, विचारलं
की बुधवारापर्यंत सोमवारपासून पायी यावं लागतं.
"ईश्वरसाक्ष खरं सांगेन, खोटं सांगणार नाही"
हे एका दमात, खुर्चीत ताठ होऊन;
आणि पाणी हवं तर बोट.
परवा सिस्टरला एक अस्सल शिवी दिली.
कुमुदिनीबाई पदरात तोंड लपवून म्हणाल्या,
"चौतीस वर्षांत कधी नाही हो ऐकली!"
मी समजावलं: शिव्या, पाढे, आरत्या, शपथा
दुसऱ्या कपाटात असतात.
ते कपाट ओल्या भिंतीला लागून नाही.

हे सगळं मी रोज सांगते, सराईतपणे.
हेही सांगते, की कानात येते ती नुसती हललेली हवा,
बोलण्यात दोन शब्दांमध्ये जागा नसतेच,
ती आत कुणीतरी पाडतं,
आपल्या नकळत, न थकता.
समोरच्या एसटी डेपोतला कर्णा
कणकवली, सावंतवाडी एका श्वासात ओततो
आणि आपल्याला दोन गावं ऐकू येतात.

त्या दिवशी दाराशी रंभाबेन बसल्या होत्या.
वॉर्डबॉय त्यांना चुकून इथे सोडून गेला होता.
"मारे घेर क्यारे जवानुं छे, बेन?"
मला गुजराती येत नाही. मी हसले नुसती.
तेव्हा गवाणकर, भिंतीकडे बघत,
अर्धा सूर चढवून, स्वच्छ:
"मला घरी केव्हा जायचंय, बाई?"

कुमुदिनीबाई उठल्याच. "कुणाला? तुम्हाला?"
त्यांनी बोटाने रंभाबेन दाखवल्या.
दुभाषी असंच बोलतो.
तीस वर्षं ते म्हणत आले होते:
मी चाकू पाहिला. मी तिथे नव्हतो.
हा माणूस माझा नवरा आहे.
सगळ्यांचा मी त्यांच्या तोंडून.

पुढच्या बुधवारी बाई वाण्याची वही घेऊन आल्या.
शेजारच्या जिग्नाकडून उतरवून घेतलेली वाक्यं,
तेल, तूरडाळ, साबण यांच्या खाली.
अक्षर लावत, मालवणी हेल काढत वाचलं:
"मने भूख लागी छे."
"मला भूक लागलीय," गवाणकर म्हणाले.
लगेच. कोर्टातल्या आवाजात.
बाईंनी डबा उघडला. शिरा होता.
"मने पाणी आपो."
"मला पाणी द्या."
चाललं होतं छान. मी टिपत होते.

मग पान न उलटता, माझ्याकडे न बघता बाईंनी वाचलं,
"मने बीक लागे छे."

"मला," म्हणाले ते, आणि थांबले.
भिंतीवरून नजर काढली.
चढवलेला सूर खाली आला, घसा खरवडला,
"मला... भी... भीती. वाटते."
"मलापण," बाई म्हणाल्या, मराठीत.

माझ्या फॉर्मवर दोन रकाने आहेत:
रुग्णाचं स्वतःचं वाक्य, दुसऱ्याचं वाक्य.
पेन उघडंच राहिलं.
खाली कर्णा कुठल्याशा गाडीचं नाव घेत होता,
मला त्यातली गावं वेगळी करता येईनात.