दिवाडीच्या चिखलाचे वजन

ओहोटी लागली की इनासमामा मानशीची फळी वर ओढतो.
खाजणातले पाणी आधी कुरकुरते,
मग निघते मांडवीकडे.
मी गुडघाभर चिखलात. नळी रोवते,
बूच लावते, हळू उपसते:
वर बोटभर तपकिरी साय,
खाली काळाभोर, कुजक्या अंड्याच्या वासाचा मुलूख,
जिथे हवा पोहोचत नाही.

"बाय, चिखलांत कितें सोदता गो?"

काय सांगू? म्हटले,
हवा मिळत नाही म्हणून जे नायट्रेटवर श्वास घेतात, त्यांना.
शेतातला युरिया, न्हाणीचे पाणी,
सगळे पचवतात आणि वायू करून सोडून देतात.
"फुकट?"
फुकट.
"पंचायतीक सांग मगे, तांकां पगार दी म्हण."

रात्री साडेदहा, दोना पावला.
हेलियमने धुतलेल्या कुप्यांत तोच चिखल,
आणि सुईच्या टोकावरून एक थेंब:
पंधरा वजनाचा नायट्रोजन.
चौदांच्या पंगतीत बसवलेला, एक न्यूट्रॉन जादा,
वाढणाऱ्याला ओळखू न येणारा.
मग वाट पाहायची.
दर तासाला एक कुपी झिंक क्लोराइडने कायमची गप्प करायची.
(हे इनासमामाला सांगितलेले नाही.)

यंत्र मोजते: अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.
तीस म्हणजे दोघेही माझे, एकमेकांना धरून बाहेर पडलेले.
एकोणतीस म्हणजे एक माझा, एक इथलाच;
त्यांची गाठ कुठल्या अंधारात पडली
ते आलेखात येत नाही.

काही कुप्यांत मी काहीच घातले नव्हते.
तिथे उरलेसुरले नायट्रेट तोलले,
तर ते तासातासाला जड होत गेलेले.
जंतूही आपल्यासारखेच,
हलके आधी उचलतात.

शनिवारी फेरीबोटीने पुन्हा गेले, रिकाम्या नळ्या घेऊन.
इनासमामाला एवढेच सांगितले:
हलके आधी निघून जाते, मामा,
मागे राहते ते जड.
तो दोराला गाठ मारत होता.
रोझाल्बा स्विंडनला, इव्हो लिस्बनला,
वाड्यावरच्या सात घरांना कुलूप,
आठव्याची किल्ली त्याच्याच कमरेला.
तसले काही तो बोलला नाही.
सुटलेल्या पोटावर हात फिरवला,
"म्हणून हांव हांगाच उरलां,"
आणि भरती चढायच्या आत
फळी खाली सोडली.