टेपर

उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर उभा होतो,
उजव्या पायावर भार टाकून.
तोच पाय आधी गेला.

पहिला सांधा बसवला तेव्हा म्हणाले होते, पंधरा वर्षं.
अकरात सैल झाला.
एक्सरेत मांडीच्या हाडाभोवती काळी रेघ.
ती मला कुणी समजावायची गरज नव्हती;
बुश ढिला झाला की भोवती अशीच फट दिसते.

दुसऱ्या वेळी डॉक्टर हंचिनमनींनी टेबलावर तुकडे मांडले.
खालचा लांब, खोबणी कोरलेला, हाडात रुतणारा.
वरचा वेगळा, हवा तितका फिरवून बसवायचा.
मान वेगळी. गोळा वेगळा.
"जोडणार कशानं?" मी विचारलं.
ते कानडीत सांगू लागले, मग मराठीत,
मग हातानंच दाखवलं: एकात एक, निमुळतं.
"मोर्स टेपर," मी म्हणालो.
ते चष्म्यावरून बघत राहिले.

साहेब, हे मी रोज केलंय.
टेलस्टॉकमध्ये सेंटर ठोकताना
ना चावी, ना आटे, ना डिंक,
फक्त कोन खरा हवा आणि दोन्ही अंगं कोरडी.
तेलाचा थेंब राहिला तर फिरतं.
पुसाल ना नीट?
हसले. म्हणाले, पुसीन.

साडेपाच तास.
बाहेर मैनानं नर्सला किती वेळा विचारलं असेल,
"संपलं काय ओ?"
जुना काढण्यातच निम्मा वेळ गेला म्हणे,
खालचं सिमेंट हाडाला सोडेना.
वापरताना सैल,
काढायला गेलं की चिकट.
हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

आता दर सहा महिन्यांनी फॉर्म.
नागरत्ना विचारते, पेनाचं टोक रकान्यावर:
पायमोजे स्वतः घालता?
बाई, मी पायमोजे कधी घातलेच नाहीत.
बसमध्ये चढता?
चढतो, कंडक्टर शिव्या देईस्तोवर.
मांडी घालून बसता?
इथं मी गप्प.
पंगतीत आता मला खुर्ची असते,
सगळ्यांच्या टाळक्यांवरून आमटी मागतो.
गुण एक्क्याऐंशी.
"भाळ चलो," म्हणाली, आणि पुढच्याला हाक मारली.

पाय सहा मिलिमीटर आखूड राहिला.
आमच्या शॉपमध्ये सहा मिलिमीटरला
जॉब थेट भंगारात, वर सुपरवायझरचं तोंड.
इथं चप्पलेखाली रबराचा थर,
अनगोळ नाक्यावर चिकटवून घेतला, चाळीस रुपये.
घरी व्हर्नियर लावला: साडेपाच.
अर्धा मिलिमीटर माझ्या खात्यावर.

पहाटे तिसऱ्या रेल्वे गेटापर्यंत जातो, काठी काखेत.
हातात नाही, काखेत; मैनाला सांगू नका.
गेट पडलेलं असलं की थांबतो.
मालगाडी जाते, जमीन थरथरते,
आणि आत कुठंतरी, कोरड्या जागी,
माझ्याच धंद्यातला एक तुकडा
दुसऱ्याला धरून असतो.
भार टाकावा तितका घट्ट.

किती वर्षं, ते यावेळी मी विचारलं नाही.
गेट उठतं.
उजवा आधी टाकतो.