आधी बुंधा

इडवाल प्रॉसर पहिले तीन दिवस
दोराला हातच लावू देत नाही.
गुडघ्यांवर बसा, म्हणतो,
चढायचंय ना, मग आधी वाका.
आणि आम्ही पाचजण पोविसच्या चिखलात
मुळांच्या बेचक्यांतून पाचोळा उपसत राहतो,
रबरी हातोडी खोडाभोवती फिरवत.

टण्. टण्. टण्.
मग एका जागी ढब्.
डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतो तसंच,
फक्त झाडाला सांगता येत नाही
श्वास रोखून धर म्हणून.

ओकच्या खोडातून जीभ काढलेली ती लाल बुरशी,
चिरली की रक्ताळणारी,
तिला भिऊ नका, म्हणतो.
ती शंभर वर्षं सावकाश जेवते
आणि लाकडाला असा तपकिरी रंग चढवते
की सुतार जास्त पैसे मोजतात.
सालीखाली काळ्या बुटाच्या नाड्या दिसल्या
तर मात्र मला हाक मारा.

एक बुरशी कणखरपणा खाते, मागे ठेवते
भिजल्या सुतळीसारखे धागे.
दुसरी धागे खाते, मग उरतात
चौकोनी तुकडे, चिमटीत भुगा होणारे.
मी वहीत दोन रकाने आखते.
पावसानं दोन्ही पुसून टाकले.

चौथ्या दिवशी दोर.
फेकायची पिशवी तेगिदची तीनदा अडकली,
माझी पाचदा. इडवाल मोजत होता.
बांध. नीट बसव. वजन टाकून बघ.
मग पुन्हा बघ.
दोरावरची ती वळसेदार गाठ
भार दिला की धरते, भार काढला की सरकते.
माझ्या बापाचं नेमकं उलटं होतं.
लिंडेनच्या चौदा मीटरवर मांड्या लटलटल्या,
खाली मेंढ्या, चॅपलचं छप्पर, शाळेची बस,
आणि खोडाला टेकलेल्या गालावर
एक मुंगी, कामावर निघालेली.

नववा दिवस, परीक्षा.
स्मशानातलं बीचचं झाड.
एवढी पानं की खाली उभं राहिलं
तर हात हिरवे दिसत.
श्रीमती बेनन थर्मास घेऊन आल्या:
याच्याखाली माझं लग्नाचं छायाचित्र काढलंय,
नीट चढ हं, मॅरेड.

टण्. टण्. टण्.
पूर्ण फेरी मारली. टण्.
तेगिदनं पहिल्याच फेकीत दुबेळक्यावर दोर टाकला,
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मी पट्टा आवळत होते,
तेव्हा उत्तरेच्या अंगाला, दोन मुळांच्या मधे,
दिसला तो काळा पापुद्रा.
जणू कुणी शेकोटी पेटवून
पाणी मारून गेलंय.
नखानं टोकरला. कोळशासारखा मोडला.
राख कुठेच नव्हती.

हातोडी म्हणत होती, ठीक आहे.
पानं म्हणत होती, ठीक आहे.
श्रीमती बेनन चहा ओतत होत्या.

मी चढणार नाही, म्हणाले.
आवाज माझा मलाच परका, किरटा.
तेगिद हसला. मग हसायचा थांबला,
कारण इडवाल गुडघ्यांवर बसला होता
आणि बराच वेळ उठला नाही.

ही पोखरत नाही, तो शेवटी म्हणाला,
म्हणून हातोडीला कळत नाही.
ही लाकडाला काच करते.
ऱ्होद्रीच्या झाडालाही भरपूर पानं होती.
ऱ्होद्री कोण, आम्ही विचारलं नाही.
त्याच्या गाडीत एक जुनं हेल्मेट आहे,
ते कुणी घालत नाही.

महिन्यानं क्रेन आणून ते उतरवलं.
मी खाली उभी राहून फांद्या ओढल्या.
बुंध्याच्या कापावर काळ्या बारीक रेषा,
शाईनं काढलेल्या, सरहद्दींसारख्या,
नदी नाही, गाव नाही, नुसत्या सरहद्दी.
श्रीमती बेननना एक चकती हवी होती.
मी दिली. त्यांनी ती उलटी धरली.

पण ते नंतर.
त्या दिवशी फॉर्मवर
'गाठलेली उंची' असा रकाना होता.
इडवालनं तिथं शून्य लिहिलं,
खाली सही केली,
आणि कपातला गार चहा
मुळाशी ओतून टाकला.