पाचव्या दिवसाचं पाणी

सात मजले, होटगी रोडला, चौऱ्याण्णवचं काम.
नकाशा हरवलेला. ठेकेदार वारला.
सोसायटीच्या फायलीत नुसती रंगाऱ्याची बिलं.

मी खांबाला हातोडा टेकवते,
आतली स्प्रिंग उसळते, आकडा लिहिते:
एकतीस. अठ्ठावीस. चौतीस.
पार्किंगच्या कोपऱ्यात बावीस.
पुन्हा टेकवते.
एकवीस.

यमुल वॉचमन टॉर्च धरून मागोमाग,
तीस वर्षं यंत्रमागावर उभा राहिलेला माणूस.
"मॅडम, माग चालू असला की जमीन पायाशी बोलती.
ही बिल्डिंग गप हाय.
गप असणं चांगलं की वाईट, तेवढं तुमी लिवा."

तळाशी एक भिंत होती,
ती पाडून कुणी चादरींचं दुकान थाटलं होतं;
दुकान गेलं, शटरवरचा मोर राहिला.
वर सहा मजले विटांनी गच्च,
खाली नुसते पाय.

गच्चीवर टाक्या मोजल्या. असायला हव्यात दोन,
आहेत सव्वीस.
झाकणावर वीट, अंगावर ऑइलपेंटनं आडनाव:
बिराजदार, इराबत्ती, शेख, कोंड्याल, दुसरे शेख.
"हजार लिटर म्हणजे एक टन," मी मीटिंगमध्ये सांगते.
सेक्रेटरी इराबत्ती शेंगा सोलत विचारतात,
"भूकंप कधी येणार, ते तुम्हाला माहितीय?"
नाही.
"पाणी पाचव्या दिवशी येतं.
ते आम्हाला माहितीय."

यावर माझ्याकडे तक्ता नाही.
धोका दशांश चिन्हानंतर चार घरं सोडून बसतो,
तहान पूर्णांकात येते.

मग पाचव्या मजल्यावरच्या गिरिजाबाई बिराजदार.
माहेर औशाकडचं.
त्र्याण्णवच्या विसर्जनानंतरच्या पहाटे
त्या इथं सासरी होत्या, म्हणून आहेत.
तेव्हापासून रात्री दाराला कडी घालत नाहीत.
"चोर आला तर येऊ दे. मला बाहेर पडायला वेळ लागतो."
थोडं थांबून: "माझी टाकी काढा आधी."

ठराव काही झाला नाही. चहा झाला.

संध्याकाळी त्यांच्या टाकीचा नळ सोडला
तर जिन्यात ही गर्दी:
बादल्या, कळशा, प्रेशर कुकरसुद्धा.
पाणी वाया कोण जाऊ देईल या गावात?
कोंड्यालांकडे दोन कळशा, शेखांकडे तीन,
इराबत्तींनी स्वतःचा पिंप भरून घेतला.
मी कठड्याला टेकून हिशेब करत राहिले:
टन इमारतीतच आहे,
फक्त मजले उतरला.

शेवटच्या दोन बादल्या यमुलांनी
गेटबाहेरच्या कडुनिंबाला घातल्या.
चाळीस लिटर.
वहीत लिहून ठेवले.