ओठ उचला, ताई

तांडापेठेत आमचं डेली नीड्स.
सुट्टे नसले की मी चॉकलेट द्यायची,
रुपयाला एक. कुणी कधी नाही म्हटलं नाही.

श्रेयांकच्या समोरच्या दातांवर
हिरडीला लागून आधी पांढरी रेघ आली, खडूची असावी तशी,
मग पिवळी, मग चहाच्या गाळासारखी.
मामाजी म्हणाले, दुधाचेच त हायेत, पडतीन.
मलाही ते सोयीचंच होतं.
रात्री बाटलीत दूध, दुधात दोन चमचे साखर,
बूच तोंडात तसंच ठेवून
कूलरच्या घरघरीत झोपवायची त्याला,
कारण पहाटे पाचला ब्रेडची गाडी येते.

मेडिकलजवळच्या दातांच्या दवाखान्यात
लाईन जिन्यापर्यंत.
शिकाऊ पोरगी होती, एप्रनच्या खिशावर शाईचा डाग.
रागावली नाही. तेच जास्त लागलं.
हातात आरसा दिला माझ्या,
म्हणाली, ओठ उचला, ताई. तुम्हीच पाहा.

तीन वर्षं तोंड पुसलं मी त्याचं,
मुके घेतले,
ओठ कधी उचलला नव्हता.

चार दात काढले.
अजून तो 'सायकल' म्हणतो
तर आधी नुसती हवा येते, मग यकल.

आता ओवीला दोन दात आलेत, खालचे.
रात्री जेवणं झाली की खाटेवर
डोकं माझ्या मांडीत, पाय ह्यांच्या मांडीवर,
लहानसा ब्रश, त्यावर पेस्ट
तांदळाच्या दाण्याएवढी. बासमती नाही, आपला चिन्नोर.
ती रडते. रडली की तोंड उघडतं,
तेवढ्यात होऊन जातं.
बाटलीत आता पाणी. पहिले चार दिवस
सगळी चाळ जागी होती.

परवा श्रेयांक आरसा घेऊन आला, म्हणाला,
बाबा, तुमचा ओठ उचला.
ह्यांच्या गालात खर्रा होता.
हे उठले, पायऱ्यांवर जाऊन बसले,
बराच वेळ आले नाहीत.
मी काही बोलले नाही.

दुकानात बरणी अजून आहे,
फक्त वरच्या फळीवर, साबणाच्या मागे.
सुट्टे नसले की वहीत लिहिते:
पौनीकर, एक रुपया, माझ्याकडे.
पौनीकरची पोरगी टाचा उंचावून
बरणीकडे पाहत राहते.
मी तिच्या तोंडाकडे.