काजव्याचा फुगा

तुर्भ्याच्या प्रेसमध्ये, कटिंग मशीनच्या खडखडाटात
एकोणीस वर्षं मी फुग्यांत अक्षरं भरतोय.
सूर्यकवचाचा फुगा मोठा, कडेला काटे,
उद्गारचिन्हं त्यात मुठीने टाकायची,
खारवायला काढलेल्या मासळीवर मीठ टाकावं तशी.
काजव्याचा फुगा लिंबाएवढा.
"दादा, मागे बघा!"
"दादा, आता काय?"
"दादा, तुम्ही होतात म्हणून—"
ह्या रेघेपुढचं वाक्य फुग्यात मावायचं नाही
आणि कुणाला हवंही नसायचं.

पहिल्या अंकात तो चौदा वर्षांचा.
दोनशेसाठाव्यातही चौदाच.
हाफपँट तीच, केप कमरेपर्यंत.
कामं दोन. खलनायकाच्या हाती सापडायचं
आणि जे सगळ्यांना कळलेलं आहे ते विचारायचं,
म्हणजे दादांना समजावून सांगता येतं.
तेवढ्यात माझे केस गेले.

मग मुंब्र्याहून अस्मा आली पेन्सिलींवर.
आठवड्याने म्हणाली, "ह्याला मिशी कधी फुटायची?"
मी म्हटलं, धामणस्करसाहेबांना विचार.
तिने नाही विचारलं.
दर अंकात त्याला दोन-दोन मिलिमीटर वाढवलं.
गुडघे झाकले. खांद्यांना कोन आले.
कोणाच्या लक्षात येणार?
सगळे सूर्याकडे बघत होते.

कथालेखक पगार थकल्यावर गेला पुण्याला,
तेव्हा गोष्ट आमच्या दोघांच्या टेबलावर उतरली.
अंक दोनशेचौऱ्याहत्तर.
पारसिकच्या डोंगरावर लढाई, दादा जिंकलेलेच.
भाषण सुरू आहे. फुगा पान भरून.
आणि काजवा, भाषण अर्ध्यावर सोडून,
उतरतोय मागच्या उताराने
ऐरोलीच्या पुलाखाली, खाडीच्या चिखलाकडे.
तिथे वही घेऊन एक पोरगा रोहित पक्षी मोजतो.
काजवा शेजारी बसतो. मुखवटा काढतो.
नाकावर मुखवट्याचा पांढरा वळ.
पोरगा मोजणं चुकतो, पुन्हा एकपासून सुरू करतो,
आणि अस्माने, न सांगता,
वहीखाली दोघांची बोटं एकमेकांत घातलेली.

साहेबांनी चश्मा कपाळावर चढवला.
"छान. मैत्री दाखवलीये. फुग्यात 'मित्रा' टाक."

मित्रा.
कोपरखैरण्याच्या आमच्या भाडेकरारात
हरेश्वरच्या नावापुढे लिहिलंय मावसभाऊ.
अकरा-अकरा महिन्यांचे बारा मावसभाऊ झाले.
दिवाळ्याहून त्याची आई सुकट पाठवते,
"पार्टनरला पण दे," म्हणते.
तिला किती कळलंय ते आम्ही विचारत नाही,
सुकट मात्र नेहमी दोन पुड्यांत असते.

त्या रात्री मी फुगा मोठा केला.
नियमाबाहेर, पक्ष्यांवर चढेल एवढा.
आधी ती जुनी रेघ पुरी करून पाहिली:
"तुम्ही होतात म्हणून मी दिसत नव्हतो."
खोडली. खरी होती, पण ती दादांसाठी होती,
आणि दादा ह्या पानावर नव्हते.
मग फुगा परत लहान केला.
त्या पोराला काजवा म्हणाला,
"भात लावून आलोय. घरी चल."

साहेबांनी तीनदा वाचलं.
भातात आक्षेप घेण्यासारखं काही सापडलं नाही.
छापलं.

पत्रं फारशी येत नाहीत आता.
सात आली. दोन शिव्यांची,
एक सूर्यकवचाचं वजन विचारणारं,
तीन वर्गणीची.
आणि एक पोस्टकार्ड, शिक्का रबाळ्याचा,
नाव नाही, अक्षर शाळेतलं, जपून काढलेलं:
भात किती वाट्या लावला होता?

अस्मा हसली, मग बराच वेळ पेन्सिल तासत राहिली.

पुढच्या अंकात, पान नऊ, खाली उजवीकडे,
मी उत्तर दिलं. फुगा लिंबाएवढा.
"दोघांपुरता."

परवा करार संपतोय.
एजंट कागद घेऊन येईल.
पेन तो कधीच आणत नाही,
माझंच मागतो.